जोखीम कोणाची, निर्णय कोणाचा?
नव्या औषधांचे संशोधन, नीतिसमिती आणि सामान्य नागरिकाचा सहभाग

वार्षिक अहवाल हाती आला की देणगीदारांचे व हितचिंतकांचे लक्ष प्रथम आकड्यांकडे जाते. वर्षभरात किती रुग्णांवर उपचार झाले, किती शस्त्रक्रिया पार पडल्या, कोणती नवी यंत्रसामग्री आली, हे पाहणे स्वाभाविकच आहे. परंतु या सर्व आकड्यांच्या मुळाशी एक प्रश्न असतो आणि त्याची चर्चा क्वचितच होते. आज आपण निःशंक मनाने घेतो ते प्रत्येक औषध आणि प्रत्येक लस कधीतरी कोणावर तरी प्रथम वापरली गेली आहे. त्या पहिल्या वापराची जोखीम कोणी पत्करली? ती पत्करणे योग्य आहे, असे कोणी ठरवले? आणि अपाय झाला असता तर त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे होते?

विज्ञान व तंत्रज्ञानाच्या धोरणात जनतेला काय स्थान असावे, या व्यापक विषयाचाच हा एक भाग आहे. धर्मादाय रुग्णालयाशी त्याचा संबंध विशेष निकटचा आहे. म्हणून आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यासाठी या विषयाची थोडक्यात ओळख येथे करून देत आहोत.

एकाच वर्षातील दोन मार्ग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाहता पाहता साथ पसरली. साथीवर लस शोधण्याचे काम वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाकडे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्याशा प्रयोगशाळेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. आजच्या नियमांनुसार कैद्याची संमती पुरेशी मोकळी मानली जात नाही. त्याच्यासाठी विशेष संरक्षणाची तरतूद असते. तरीही जोखीम प्रथम स्वतःवर घ्यावी आणि मग इतरांना विचारावे, हा क्रम त्या काळात लक्षणीय होता.

त्याच वर्षी पुण्यात साथ रोखण्यासाठी वेगळा मार्ग अवलंबिला गेला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अधिकाराखाली सैनिकांकडून घरोघर झडत्या सुरू झाल्या. माणसे घरांतून उचलून नेण्यात आली, सामानसुमान जाळण्यात आले, देवघर आणि माजघर यांचा मान राखला गेला नाही. रोग्यांना वेगळे ठेवण्यामागील वैद्यकीय हेतू काहीही असो, ज्यांच्या घरात हे घडत होते त्यांना कोणी विश्वासात घेतले नव्हते. लोक आजार लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, हा इतिहास मराठी वाचकाला सांगावयास नको. सक्तीने साथ आटोक्यात येत नाही, हे पुढे सरकारलाही उमगले आणि नियमांची धार कमी करावी लागली.

हाफकिन यांच्या कथेला पुढे एक दुःखद वळण मिळाले. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. बाटली गावात उघडताना संसर्ग झाला असावा, ही बाजू मान्य होऊन ते निर्दोष ठरेपर्यंत १९०७ साल उजाडले. मृतांच्या कुटुंबांना तत्परतेने न्याय मिळाला नाही आणि शास्त्रज्ञालाही मिळाला नाही. अपाय झाल्यावर निःपक्षपाती चौकशी करणारी व्यवस्था अगोदरच उभी नसेल, तर दोन्ही बाजूंची हानी होते, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

जोखीम म्हणजे काय?

व्यवहारात आपण धोका आणि जोखीम हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. शास्त्रीय विवेचनात मात्र त्यांत भेद करणे उपयुक्त ठरते. धोका वस्तूच्या ठायी असतो. जोखीम ती वस्तू कोणाच्या, किती आणि कशी संपर्कात येते यावर अवलंबून असते. कुलूपबंद कपाटातील तीव्र आम्लात धोका आहेच. तेच आम्ल मुलाच्या हाती लागेल अशा फळीवर ठेवले की जोखीम निर्माण होते.

समजा, एखाद्या औषधाने हजारांतून एका व्यक्तीला गंभीर अपाय होतो. हा आकडा काढणे तज्ज्ञांचे काम आहे आणि ते त्यांनीच करावे. परंतु ज्याच्यापुढे दुसरा कोणताही उपाय उरलेला नाही असा कर्करोगाचा रुग्ण या आकड्याकडे एका दृष्टीने पाहील आणि निरोगी बाळाला लस देण्यासाठी आलेली आई दुसऱ्या दृष्टीने पाहील. आकडा तोच, उत्तरे भिन्न आणि दोन्ही योग्य असू शकतात. जोखीम किती, हे विज्ञान सांगते. ती पत्करण्याजोगी आहे का, याचे उत्तर ज्याला ती सोसावयाची आहे त्याच्या जीवनातून येते. त्याला वगळून हा निर्णय पूर्ण होत नाही.

मराठीत जोखीम या शब्दाला आणखी एक जुनी छटा आहे. प्रवासात सांभाळण्यासाठी कोणाच्या हवाली केलेल्या मौल्यवान ऐवजालाही जोखीम म्हणत. न्यास या शब्दाचा मूळ अर्थही विश्वासाने सोपविलेली ठेव असाच आहे. जोखमीचे नियमन म्हणजे काय, हे या दोन शब्दांत बरेचसे सामावलेले आहे.

सामान्य माणसाला हे समजेल काय?

जनसहभागाची गोष्ट निघाली की एक आक्षेप हमखास येतो. विषय गहन आहे, सामान्य नागरिकाला तो कसा कळणार? या आक्षेपाला १९७६-७७ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज या शहराने कृतीतून उत्तर दिले. सजीवांच्या जनुकांची जोडणी करण्याचे तंत्र तेव्हा नवे होते आणि तेथील हार्वर्ड विद्यापीठाला त्यासाठी विशेष सुरक्षित प्रयोगशाळा हवी होती. प्रयोगशाळेतून घातक जंतू बाहेर पडले तर काय, या शंकेने शहर अस्वस्थ झाले. जून १९७६ मध्ये नगर परिषदेने जाहीर सुनावणी घेतली, काही काळ या संशोधनास स्थगिती दिली आणि नागरिकांची एक समिती नेमली. या समितीत व्यावसायिक, परिचारिका, अभियंता, सामाजिक कार्यकर्ते अशा व्यक्ती होत्या. त्या तंत्रावर संशोधन करणारे कोणी नव्हते.

समितीने दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ बोलावले, अनेक महिने प्रश्न विचारले, उलटतपासणी घेतली आणि जानेवारी १९७७ मध्ये अहवाल दिला. संशोधन होऊ द्यावे, मात्र त्यावर अधिक दक्षतेची बंधने असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्याच महिन्यात त्यानुसार शहराचा नियम झाला. नागरिकांना विचारले तर विज्ञान थांबेल, ही भीती अनाठायी ठरली. कालांतराने तेच शहर जैवतंत्रज्ञान उद्योगाचे जगातील एक प्रमुख केंद्र बनले. नियम स्पष्ट होते आणि ते लोकांनी मान्य केलेले होते, याचा त्यात वाटा आहेच.

याउलट, जनतेपासून अनिश्चितता दडविली की काय होते, हे ब्रिटनमध्ये दिसले. १९८६ मध्ये तेथील गुरांत मेंदूचा एक नवा रोग आढळला. तज्ज्ञसमितीने १९८९ मध्ये मत दिले की माणसाला त्यापासून अपाय होण्याचा संभव फार कमी आहे; परंतु हे अनुमान चुकले तर परिणाम अत्यंत गंभीर होतील, असेही तिने त्याच अहवालात बजावले होते. वाक्याचा पहिला भाग वारंवार उच्चारला गेला आणि दुसरा विसरला गेला. १९९० मध्ये तेथील कृषिमंत्र्यांनी आपल्या लहान मुलीसह छायाचित्रकारांसमोर गोमांसाचा पदार्थ खाऊन लोकांना निर्धास्त केले. २० मार्च १९९६ रोजी सरकारला संसदेत सांगावे लागले की माणसांतील एका नव्या प्राणघातक मेंदूविकाराचा संबंध त्या रोगाशी असण्याचा संभव आहे. त्या विकाराने ब्रिटनमध्ये पुढे पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने दाखवून दिले की लोक घाबरतील या भयाने सावधगिरीचा इशारा मागे पडला आणि त्यातून शासनावरील विश्वासच गमावला गेला.

भारतातील अनुभव

आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजेच आयसीएमआरने, १९८० मध्ये संशोधनातील नीतिविषयक धोरण प्रथम मांडले. २००० मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २००६ मध्ये ती सुधारण्यात आली. या सुधारणेत शीर्षकातील एक शब्द बदलला. ज्याच्यावर चाचणी होते त्याला पूर्वी संशोधनाचा ‘विषय’ म्हटले जाई. आता त्याला ‘सहभागी’ म्हटले गेले. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात हाच बदल २०२४ मध्ये झाला. शब्द लहान आहे, परंतु विषयाला मत नसते, सहभागी व्यक्तीला असते. देशातील वैद्यकीय चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून तीत नोंदणी बंधनकारक झाली.

तथापि कागदावरील तत्त्वे आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर लवकरच समोर आले. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एका विषाणूमुळे होतो आणि त्यावर प्रभावी लस उपलब्ध आहे. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत १० ते १४ वर्षे वयाच्या २० हजारांहून अधिक मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प हाती घेण्यात आला. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. सरकारी चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण संमती घेण्याच्या पद्धतीतील त्रुटी मात्र उघड झाल्या. आंध्रात वसतिगृहात राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी मुख्याध्यापकांच्या वा वसतिगृह अधीक्षकांच्या सह्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये सादर केलेल्या अहवालात या प्रकारावर कठोर टीका केली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. लस चांगली होती आणि आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या त्याच प्रकारच्या देशी लसीला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली. परंतु ज्या पालकांना विचारलेच गेले नाही, त्यांच्या मनातील संशय केवळ शास्त्रीय निष्कर्षांनी दूर होत नाही. तो लसीला चिकटून राहतो आणि जीव वाचविणाऱ्या साधनाचा प्रसार त्यामुळे रेंगाळतो. संमतीची प्रक्रिया डावलणे हा मुलींवर अन्याय होता, तसा तो विज्ञानावरही अन्याय होता.

याच सुमारास इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने औषधचाचण्यांतील गैरप्रकारांविषयी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. २०१३ मध्ये नियमांत मोठे बदल झाले. नीतिसमित्यांची नोंदणी सक्तीची झाली आणि अपाय झाल्यास नुकसानभरपाई देण्याच्या तरतुदी आल्या. १९ मार्च २०१९ रोजी नवी औषधे व वैद्यकीय चाचण्यांविषयीचे सर्वंकष नियम अधिसूचित झाले.

समितीतील एक आसन

या नियमांनुसार औषधाची कोणतीही चाचणी नीतिसमितीच्या मान्यतेवाचून सुरू करता येत नाही. समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांतील निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावेत आणि अध्यक्षही बाहेरचाच असावा, असे बंधन आहे. डॉक्टर व शास्त्रज्ञ यांच्याबरोबर किमान एक स्त्री सदस्य, एक विधिज्ञ आणि सामाजिक शास्त्र, स्वयंसेवी कार्य वा नीतिशास्त्र अशा क्षेत्रांतील एक व्यक्ती आवश्यक असते. या सर्वांच्या जोडीला एक सामान्य नागरिक असावाच लागतो. तो केवळ नावापुरता नाही. बैठकीची गणसंख्या त्याच्या उपस्थितीवाचून पूर्ण होत नाही.

हा सामान्य नागरिक रसायनशास्त्रावर मत देण्यासाठी तेथे बसत नाही. औषधाची मात्रा योग्य आहे का, हे औषधशास्त्रज्ञ पाहतो. नागरिक-सदस्याचे प्रश्न निराळे असतात. संमतिपत्रकाचे मराठी शेजारच्या बाईंना कळेल का? दर पंधरवड्याला तपासणीसाठी यावयाचे तर रोजंदारीवरील माणसाची मजुरी बुडेल, तिचे काय? रात्री त्रास सुरू झाला तर कोणत्या क्रमांकावर दूरध्वनी करावयाचा आणि तो उचलणार कोण? चाचणी संपल्यावर ज्या रुग्णाला औषधाचा गुण आला, त्याला ते मिळत राहील का? असे प्रश्न तज्ज्ञांच्या टिपणांत नसतात, पण जोखीम प्रत्यक्षात किती सोसवेल हे त्यांवरच ठरते.

धर्मादाय रुग्णालयात यांपैकी एक प्रश्न सर्वांत नाजूक असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशान्वये लागू झालेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. अशा विनामूल्य खाटेवरील रुग्णाला त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टरच संशोधनात सहभागी होण्याविषयी विचारतात, तेव्हा त्याला नाही म्हणणे खरोखर शक्य असते काय? उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार ही मोकळी संमती नव्हे. डॉक्टरांच्या मनात दबावाचा हेतू नसला तरी रुग्णाच्या मनात तो दबाव असतो. नकार दिल्याने उपचारात तसूभरही फरक पडणार नाही, हे त्याला केवळ छापील ओळीतून कळून पुरत नाही. त्याचा तसा विश्वास बसावा लागतो. नीतिसमितीने या बाबीवर बारकाईने लक्ष ठेवणे ही गरिबांसाठी चालणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाची कसोटी आहे.

सहभागाच्या मर्यादा

एक आसन राखून ठेवले म्हणजे जनसहभाग सिद्ध झाला, असे मात्र मानू नये. नागरिक-सदस्य संस्थेच्या परिचयातला, भिडस्त स्वभावाचा असला. टिपणांचे जाडजूड बाड त्याच्या हाती आदल्या रात्री आणि तेही केवळ इंग्रजीत पडले. बोलताना तज्ज्ञांनी त्याला हसण्यावारी नेले, तर त्या आसनाला अर्थ उरत नाही. यासाठी सदस्याला प्रशिक्षण हवे, वाचावयास अवधी हवा आणि आपली असहमती इतिवृत्तात नोंदली जाईल याची हमी हवी.

विश्वस्तांचेही येथे कर्तव्य आहे. संस्थाप्रमुखाने नीतिसमितीचे सदस्य असू नये, असे आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. संशोधनातून संस्थेला निधी मिळत असतो. म्हणून मान्यता देणारे आणि निधीची काळजी वाहणारे हात वेगळे असावेत, हे त्यामागील साधे तत्त्व आहे. समितीने एखादा प्रस्ताव परत पाठविला तर विश्वस्तांनी तो संस्थेचा तोटा न समजता समिती जागी असल्याची खूण समजावी. देणगीदारांनीही यंत्रे व इमारतींच्या जोडीने सुबोध भाषांतर, सदस्यांचे प्रशिक्षण व रुग्ण-समुपदेशन या कमी दिसणाऱ्या कामांना हातभार लावल्यास त्याचे मोल मोठे आहे.

रुग्णाच्या आप्तांनी काय विचारावे?

आपल्या रुग्णाला एखाद्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले गेले, तर पुढील प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. ते विचारणे हा आपला अधिकार आहे.

१. हा नेहमीचा उपचार आहे की संशोधन? संशोधन असल्यास नेहमीचा उपचार कोणता आणि तो मिळणार की नाही?

२. कोणत्या रुग्णाला नवे औषध आणि कोणाला जुने, हे कसे ठरणार? निष्क्रिय गोळी मिळण्याचा संभव आहे काय?

३. आजवर कोणते अपाय आढळले आहेत आणि कोणत्या बाबी अद्याप अज्ञात आहेत?

४. अपाय झाल्यास वैद्यकीय उपचारांचा खर्च कोण करील आणि भरपाई कशी मिळेल? नियमांनुसार चाचणीत इजा झाल्यास विनामूल्य उपचाराची तरतूद आहे आणि गंभीर घटना घडल्यास संशोधकाने ती २४ तासांच्या आत कळवावयाची असते.

५. मध्येच बाहेर पडावयाचे झाल्यास काय करावे? सहभागी व्यक्ती कोणत्याही टप्प्यावर कारण न देता बाहेर पडू शकते.

६. नीतिसमितीशी संपर्क कसा साधावा? ही माहिती संमतिपत्रकात असावयास हवी आणि त्याची एक प्रत आपल्याला मिळावयास हवी.

ज्यांना वाचता येत नाही अशा रुग्णांच्या संमतीच्या वेळी एका निःपक्ष साक्षीदाराची उपस्थिती आवश्यक असते. विचार करण्यासाठी वेळ मागणे, घरच्यांशी वा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलणे, यात कमीपणा मानू नये.

समारोप

संशोधन थांबावे, असा या विवेचनाचा हेतू नाही. संशोधनावाचून उद्याचा उपचार नाही आणि त्यात स्वेच्छेने सहभागी होणारा प्रत्येक रुग्ण पुढील अनेक अनोळखी रुग्णांचा उपकारकर्ता असतो. त्याचा हा उपकार मानाचा ठरावा यासाठी त्याला पूर्ण माहिती मिळणे, त्याचे म्हणणे निर्णय होण्यापूर्वी ऐकले जाणे आणि अपाय झाल्यास त्याच्या पाठीशी व्यवस्था उभी असणे आवश्यक आहे. रुग्णालयाच्या हवाली केलेला देह ही सर्वांत मोठी ठेव आहे. ती सांभाळण्याच्या या कार्यात विश्वस्त, डॉक्टर, देणगीदार आणि रुग्णांचे आप्त या सर्वांनी जागरूकपणे सहभागी व्हावे, हीच विनंती.